पोकळेसरांच्या हाताखाली

प्रिय वहिनी,

तुझं पत्र परवा मिळालं. फोन हाताशी असताना तू पत्र लिहिलंस, म्हणून पाकीट फोडायच्या आधीच मी खुर्ची ओढून बसले. आमच्या ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, वहिनीचं आहे." वाचून झालं तरी मी उठले नाही, तेव्हा बिचाऱ्यांनी न सांगता चहा टाकला आणि साखर विसरले. तू जे विचारलं आहेस त्याचं उत्तर खरं तर एका शब्दातही देता येईल. पण तू मला ओळखतेस. मला काही विचारलं की मी आधी नमुना धुणार, वाळवणार, मशीनमध्ये ठेवणार, आणि मग कुठे तोंड उघडणार. तेव्हा तूही हातातलं काम बाजूला ठेव आणि निवांत बस. पत्र लांबणार आहे.

तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून मला चिडवायचीस, "वन्सं, तू त्या तळघरात दिवसभर करतेस तरी काय?" आणि मी दर वेळी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेत असे. आज नीट सांगते. जगातल्या कुठल्याही वस्तूचा अगदी वरचा पापुद्रा घे. एका केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातला एखादा, इतका पातळ. भांड्याला कल्हई धरते की नाही, रंग टिकतो की पोपडे येतात, दाताच्या मुळाशी बसवलेला स्क्रू हाड स्वीकारतं की ढकलून देतं, हे सगळं त्या पापुद्र्यावर ठरतं. आमचं मशीन त्यावर क्ष-किरण पाडतं. त्या धक्क्याने वरच्या थरातले इलेक्ट्रॉन सुटून बाहेर येतात. ते किती जोराने आले एवढंच आम्ही मोजतो. त्यावरून एखादा इलेक्ट्रॉन कुठल्या घरातून निघाला, म्हणजे कार्बनच्या की ऑक्सिजनच्या की टायटॅनियमच्या, ते कळतं. आणि नुसतं घर नव्हे, तर तो त्या घरात कसा नांदत होता, शेजारी कोण होतं, हेही कळतं. झालं. एवढंच. हे शिकायला मला अडीच वर्षं लागली, आणि अजून शिकतेच आहे.

गेल्या महिन्यात आमचं ते जुनं मशीन हलवलं. नवं आलंय, पांढरंशुभ्र, दवाखान्यातल्या कपाटासारखं. मुलं सकाळी नमुना आत सरकवतात, बटण दाबतात आणि उपाहारगृहात जाऊन बसतात. परत येईपर्यंत संगणकाने आलेख काढून, रंग भरून, टक्केवारीसकट ठेवलेला असतो. मी आता प्रयोगशाळेची प्रमुख असल्यामुळे मला त्याचं कौतुक करावं लागतं. करतेही. पण जुन्या मशीनचे भाग खोलीतून एकेक करून बाहेर गेले, तेव्हा त्या रिकाम्या फरशीवर तेलाचा एक जुनाट डाग आणि चार बोल्टांची भोकं तेवढी राहिली, आणि मला एकदम त्या वर्षांची इतकी आठवण आली की मी एका मुलाला उगाचच रागावले. मग तुझं पत्र आलं.

तर, पोकळेसर. हे त्यांचं आडनाव नव्हे, हे तुला ठाऊक आहेच. आमच्या मशीनच्या आत हवेचा कणही चालत नाही; इलेक्ट्रॉन वाटेत कुणाला धडकला तर हिशेब चुकतो. म्हणून पंप लावून आत जवळजवळ संपूर्ण पोकळी करावी लागते, आणि ती पोकळी सर असे जपत, की आमच्या आधीच्या कुठल्यातरी तुकडीने त्यांना पोकळे करून टाकलं. त्यांना ते माहीत होतं. एकदा टपालवाल्याने दारात येऊन विचारलं, "पोकळे कोण?" तर सर शांतपणे म्हणाले, "मीच," आणि सही केली.

पहिल्या दिवशी मी नवे बूट घालून गेले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाहेर काढा. आणि हात धुवा. आणि ते क्रीम लावत असाल तर उद्यापासून लावू नका." हातमोजे, चिमटे, छोटे धातूचे तुकडे, स्पिरिटच्या बाटल्या. पुढचे कित्येक आठवडे मी फक्त चिमटे धूत होते. सुट्टीला मी तुमच्याकडे घरी येऊन रडले तेव्हा तूच म्हणालीस, "अगं, चिमटेच धुवायचे होते तर मी काय वाईट होते, भांडी किती पडलीत." मला त्या वेळी तुझा राग आला होता. मशीनला मला हात लावू देत नसत. आत जराशी दमट हवा शिरली की आठवडाभर मशीनला पट्टे गुंडाळून, वरून चमचमता कागद लपेटून तापवत ठेवावं लागे. सर त्याला "ताप आणणे" म्हणायचे. कुणी घाई करून दार उघडलं आणि पोकळी बिघडली, तर ते ओरडत नसत, नुसते पट्टे घेऊन येत आणि एकटेच गुंडाळायला बसत. ते बघणं हीच शिक्षा. मी एकदा म्हटलं, "सर, किती वाट बघायची?" म्हणाले, "घाई असेल तर दुसरा विषय घ्या. या कामात अर्धं वाट बघणंच आहे." मग थोडं थांबून, "आणि वाट बघताना गप्पा मारायला हरकत नसते." पण गप्पा काही मारल्या नाहीत. त्यांना त्या मारताच येत नसत, निदान तिथे.

माझा पहिला नमुना म्हणजे सोन्याचा पातळ पत्रा. सोनं गंजत नाही, शुद्ध, सगळ्यात सोपं. मी पट्टीच्या विद्यार्थिनीसारखी तयारी केली. आलेख निघाला, सोन्याची टोकं दिमाखात उभी, आणि त्यांच्या बाजूला कार्बन. चांगला भरघोस. ऑक्सिजनही. मला वाटलं, मशीन बिघडवलं मी. रात्रभर झोप नाही. सकाळी सरांना दाखवलं तर ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "हवेत ठेवलेली प्रत्येक वस्तू अशीच असते. थोडा मळ बसतोच. तुमचा दोष नाही आणि सोन्याचाही नाही." मग त्यांनी शिकवलं, की ज्या वस्तूतून वीज वाहत नाही तिच्यावर भार साचून सगळा आलेख एका बाजूला सरकतो, आणि तो किती सरकला हे ओळखायला हाच सगळीकडे सापडणारा कार्बन उपयोगी पडतो. त्याची जागा ठरलेली असते, ती धरायची आणि बाकीचे जागेवर आणायचे. मी फोनवर हे दादाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. आलेखावरच्या टोकांना आम्ही पीक म्हणतो, हेही सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे मळ्यात पीक आलं म्हण की." मग पुढे दर रविवारी फोन केला की पहिला प्रश्न तोच, "काय गं, यंदा पीक कसं आहे?" तू मागून हसायचीस ते मला ऐकू यायचं.

आणि दादा एकदा प्रयोगशाळेत आला होता, आठवतंय? त्याने तुला घरी येऊन सांगितलं असणार, पण स्वतःच्या सोयीने सांगितलं असणार. खरं असं झालं. मी सरांना बोलवायला बाहेर गेले, तेवढ्यात याने ताटलीतला सोन्याचा पत्रा चक्क उचलला. उघड्या हाताने. उजेडाकडे धरून बघतोय. सर दारात आले आणि जागच्या जागी खिळले. मला वाटलं, आता धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. दादा म्हणाला, "नमस्कार, मी हिचा भाऊ. हे खरं सोनं आहे का हो?" सरांनी चिमट्याने तो पत्रा दादाच्या हातातून घेतला, मशीनमध्ये ठेवला, आणि दादाला खुर्ची दिली. पोकळी होईपर्यंत दोघे शेजारी बसून होते, आणि दादाने गप्पा सुरू केल्या. त्याच्यापुढे कोण टिकलंय! आलेख निघाला तर सोन्याची टोकं पार बुटकी, आणि वर कार्बन, नायट्रोजन, मीठ. सर त्याला एकेक टोक दाखवत म्हणाले, "हा घाम. हे त्वचेचं तेल. हे मीठ. हे सगळं तुम्ही." दादा खूष. म्हणाला, "म्हणजे सोन्याला मी झाकून टाकलं!" सर त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "तुमचा भाऊ चांगला आहे. पण पुन्हा आणू नका." वहिनी, दादा गेला तेव्हा भेटायला आलेल्यांमध्ये ते होते. मागे उभे होते, चप्पल हातात धरून. तू तेव्हा कुणाकडे बघण्याच्या मनःस्थितीत नव्हतीस.

आता मुख्य सांगते. माझं दुसरं वर्ष होतं. हाडं जोडायचे स्क्रू आणि पट्ट्या बनवणारा एक कारखाना आमच्याकडे आला. त्यांच्या एका लॉटवरचा लेप सुटत होता. पोपडे येत होते. असला स्क्रू कुणाच्या पायात गेला तर काय होईल, सांगायला नको. सरांनी नमुने घेतले, चाचणी केली, आणि वरच्या थरात सिलिकॉन सापडला. आलेखावरची त्याची जागा बघून सांगता येत होतं की हा वाळूतला नाही, तर क्रीममध्ये, वंगणात असतो तसला चिकट प्रकार आहे. त्याच्यावर लेप धरत नाही, हे तर सर्वांना ठाऊक. सरांनी अहवाल दिला. कारखान्याच्या मालकाने चौकशी केली, तर स्क्रू धुण्याच्या टेबलावर एक बाई होती. दिवसभर पाण्यात आणि साबणात हात, भेगा पडलेल्या, म्हणून ती घरी हातांना क्रीम लावत असे. झालं. तिला काढून टाकलं. आम्हाला हे कळलं तेव्हा सर जरा अस्वस्थ झाले, पण अहवाल तर बरोबर होता.

त्यानंतर काही दिवसांनी मी सरावासाठी माझाच एक स्वच्छ पत्रा तपासत होते. धुतलेला, वाळवलेला, आणि आदल्या दिवशी नमुने ठेवायच्या काचेच्या बरणीत ठेवलेला. आलेखावर तेच टोक. तोच सिलिकॉन, त्याच जागी. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा धुतला, पुन्हा बरणीत, पुन्हा मशीनमध्ये. पुन्हा तेच. तेव्हा मी बरणीचं झाकण उचलून पाहिलं. झाकण घट्ट बसावं म्हणून काठाला वंगण लावलेलं असतं. वंगण सिलिकॉनचं. आणि कारखान्याचे स्क्रू चाचणीआधी त्याच बरणीत दोन दिवस होते.

मी सरांना सांगितलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, ते चिडले. "तुमचा चिमटा घाण असेल," म्हणाले आणि पाठ फिरवली. एवढा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी पोचले तर ते माझ्या आधी आलेले, मशीनसमोर बसलेले. त्यांनी स्वतः दोन पत्रे धुतले होते. एक बरणीत ठेवला होता, एक बाहेर स्वच्छ काचेखाली. दोन आलेख एकावर एक धरून ते बघत होते. बरणीतल्यावर टोक होतं, दुसऱ्यावर नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "चिमटा स्वच्छ होता." मग म्हणाले, "चला."

विभागप्रमुखांनी त्यांना जिन्यातच अडवलं. नवे नमुने मागवा, नवा अहवाल द्या, जुन्याबद्दल कशाला तोंड उघडता, असं त्यांचं म्हणणं. माझ्यासमोरच म्हणाले, "संस्थेचं नाव आहे." सर म्हणाले, "त्या बाईलाही आहे." आणि आम्ही बसने कारखान्यात गेलो. मालकाच्या खोलीत आणखी चारपाच जण बसलेले होते. सरांनी बसायला नकार दिला. उभ्यानेच सांगितलं, की सिलिकॉन आमच्या बरणीतून आला, चूक माझी आहे, ती या मुलीने शोधली, आणि तुमच्या त्या बाईंचा यात काही संबंध नाही. मालक भडकला. मग पोपडे कशाने येतात ते सांगा, म्हणाला. सरांनी स्वच्छ काचेत नवे नमुने घेतले, आणि त्या आठवड्यात आम्ही दोघांनी ते अक्षरशः डोळ्यांत तेल घालून तपासले. सिलिकॉन नव्हता. होतं ते कॅल्शियम, कमीजास्त पण प्रत्येकावर. म्हणजे जड पाणी. शेवटच्या धुण्याच्या पाण्याची गाळणी मालकाने कधीची बदललेली नव्हती.

पण मला सांगायचं आहे ते याच्या आधीचं. मालकाला सांगून झाल्यावर सरांनी त्या बाईचा पत्ता घेतला. मी म्हटलं, "सर, मालक सांगतीलच ना तिला." त्यांनी ऐकलं नाही. अरुंद जिना, वर दोरीवर कपडे वाळत घातलेले, तिने दार उघडलं. सरांनी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेव्हा तुमच्या मशीनने सांगितलं म्हणून मला काढलं. आता मशीन काय म्हणतं?" सर म्हणाले, "मशीन तेव्हाही बरोबर होतं. चुकलो मी." ती म्हणाली, "मग मालकाला सांगा. मला सांगून काय होणार?" "त्यांना सांगितलं. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं." तिने दार लावून घेतलं. पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि का विचारावं तिने? परतताना बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत होते. पाण्याचा अहवाल आल्यावरही मालक तिला परत घ्यायला टाळाटाळ करत राहिला, आणि सर दर आठवड्याला, काही काम नसताना, त्याच्या दारात जाऊन उभे राहत. शेवटी मालक कंटाळला आणि तिला बोलावलं. ती कामावर आली. पुढे आम्ही कारखान्यात गेलो की ती मला हसून ओळख द्यायची, सरांशी मात्र एक शब्द बोलली नाही. सरांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. प्रयोगशाळेचं प्रमुखपद त्या वर्षी त्यांच्याहून धाकट्या माणसाला मिळालं, त्याबद्दलही नाही. फक्त त्या बरण्या सगळ्या उचलून त्यांनी स्वतःच्या हाताने बाहेर नेऊन ठेवल्या.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले, किल्ली द्यायला. संध्याकाळी पाच वाजले की हा माणूस मशीन अर्धवट सोडून निघून जायचा, जग इकडचं तिकडे झालं तरी. आम्ही थट्टा करायचो, पाच वाजले की पोकळेसर निर्वात. दार उघडंच होतं. आत त्यांच्या पत्नी पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. सांध्यांच्या दुखण्याने त्या कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या होत्या, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. सर मागे बसून त्यांचे केस विंचरत होते. आणि बोलत होते. वहिनी, तो माणूस बोलत होता! पंप, पोकळी, विभागप्रमुख, उपाहारगृहातला चहा, सगळं, नकला करून. मला पाहून ते गप्प झाले, पण बाईंनी मला बोलावून जवळ बसवलं आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तुझा कार्बन बरा आहे का आता?" जणू माझं आजारपणच. त्यांना माझ्या प्रत्येक नमुन्याची खबर होती. मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ गं, भांग सरळ पडलाय का? इतकी वर्षं झाली, पण यांना तो काही जमत नाही." भांग वाकडाच होता. मी सरळ आहे म्हटलं. सर त्यांच्यामागून माझ्याकडे बघून पहिल्यांदाच, कसं सांगू, लाजले.

त्या गेल्यानंतर ते बरीच वर्षं तसेच पाचला घरी जात राहिले. निवृत्त झाल्यावर तुमच्या गावी बहिणीकडे राहायला जातो म्हणाले, तेव्हा मीच त्यांना तुझा पत्ता दिला. माझी वहिनी तिथल्या ग्रंथालयात आहे, काही लागलं तर सांगा, म्हटलं. मग तुझ्या पत्रांत ते हळूहळू येऊ लागले. आधी "तुझे सर पुस्तक बदलायला आले होते." मग "तुझ्या सरांनी फाटकी पुस्तकं चिकटवायला डिंक कुठला वापरता, असं विचारलं आणि अर्धा तास त्यावर बोलले." मग "सर म्हणाले." नुसतं "सर म्हणाले." मी वाचत होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आयुष्यभर लहानसं टोक शोधून काढणारी मी, आणि हे एवढं मोठं दिसलं नाही!

आता तू विचारलं आहेस ते. त्यांनी तुला मागणी घातली, तू अजून उत्तर दिलेलं नाहीस, आणि मला लिहिलंस, "तू त्यांच्याकडे शिकलीस. माणूस म्हणून ते कसे आहेत, तूच सांग. आणि तुझ्या दादाच्या जागी कुणी आलं म्हणून तुला राग येणार असेल, तर तेही सांग, मी नाही म्हणेन." वहिनी, राग नाही आला. रडू आलं, ते खरं, पण ते दादाचं होतं, त्याचा तुझ्याशी संबंध नाही. तो गेल्यापासून तू त्या घरात एकटी जेवतेस हे मला इथे बसून रोज दिसतं. त्याची जागा त्याचीच राहील, कुणी मागितलेली नाही. आता माणूस म्हणून. हट्टी आहेत, पहिल्यांदा प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतात, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबायचं. पंपांच्या आवाजाने डावा कान गेलाय, तेव्हा उजव्या बाजूला बसत जा. चमचे धुतलेले असले तरी पुन्हा धुतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. चुकले तर सांगतील, तुला एकटीला नव्हे, चारचौघांत सांगतील. आणि घरात बोलतील, इतकं बोलतील की तुला गप्प करावं लागेल. एवढं मी पाहिलं आहे, आणि पाहिल्याशिवाय मी काही सांगत नाही. माझे विद्यार्थी गुरुपत्नीला काकू म्हणतात, ते मी तुला या जन्मी म्हणणार नाही. नोंदणीसाठी साक्षीदार लागतील. एक सही माझी, आमचे हे दुसरी करतील, तिसरी त्यांच्या बहिणीची. तारीख कळव. आणि हे पत्र खाली ठेवून आजच त्यांना हो म्हण.

तुझीच,
धाकटी